पाचव्या घरचा जोगवा

किल्लारीचा भूकंप माझ्या थोरल्या बहिणीच्या पायांमुळं झाला, असं सांगत फिरणारी एक बाई नांदेडात राहत होती. हसू नका. आम्हाला तेव्हा हसू आलं नव्हतं. जमिनीच्या पोटात काय हललं आणि का हललं ते शोधायला मोठमोठी माणसं यंत्रं घेऊन आली होती, त्यांना किती दिवस लागले कोण जाणे; रुक्मिणबाईला मात्र भावाचं सुतक फिटायच्या आत कारण सापडलं होतं. लातूरची कमल, पांढऱ्या पायाची. ही रुक्मिणबाई म्हणजे माझ्या ताईची होणारी सासू, आणि कमल म्हणजे माझी ताई. त्या बाईला तुम्ही पुढं कधी माफ केलं का, असं माझी सून परवा मला विचारत होती. मी म्हटलं, आधी चहा टाक. चहा पिऊन झाला तरी मी काही सांगितलं नाही. सुनेला सगळंच सांगायचं नसतं. इथं सांगते.

आमचं घर लातूरला, दाळ मिलच्या मागच्या गल्लीत. आण्णा मिलमध्ये मुकादम होते. सकाळी मिलचा पट्टा फिरायला लागला की आमच्या फळीवरचे पेले एकमेकांना लागून किणकिणायचे, आणि पट्टा थांबला की आम्हाला कान बधिर झाल्यासारखं वाटायचं. तुरीचा बारीक भुसा सगळीकडं बसायचा. वाळत घातलेल्या लुगड्यांवर, रांजणाच्या झाकणावर, देवाच्या टाकांवर. वरण मात्र रोज असायचं, तेही घट्ट, आणि माय त्यावर लसणाची फोडणी अशी ओतायची की गल्लीतल्या चार घरांना ठसका लागावा. आम्हा सगळ्यांचे पाय त्या भुशानं पिवळट दिसायचे. ताईचे तेवढे नाही. ताई रोज संध्याकाळी मोरीत बसून वजरीनं टाचा घासायची आणि माय तिला म्हणायची, अगं घासून घासून हाडाला लागशील. घरातली सगळ्यात गरीब स्वभावाची तीच. कोंबडीला हाकलायचं तरी 'जा गं बाई' म्हणायची. माझं तसं नव्हतं. माझ्या तोंडाला लहानपणापासून धार होती, आणि वय झाल्यावर ती बोथट होते म्हणतात ते काही खरं नाही.

रुक्मिणबाई ताईला पाहायला आली तेव्हा मी फ्रॉक घालायच्या वयाची होते. पोहे झाले, नाव-गाव झालं, स्वयंपाकाचं विचारून झालं. मग तिनं ताईला पाय ओले करून ओसरीवरून चालायला लावलं, आणि फरशीवर पाऊल कसं उमटतं ते गुडघ्यावर हात ठेवून, वाकून, एकेक बघितलं. 'तळवा भरून उमटतोय, लक्ष्मीचा पाय हाय,' असं तीच म्हणाली. हे मी माझ्या कानानं ऐकलेलं आहे. साखरपुडा झाला. बाईला एवढा हौसेचा उमाळा आला की ताईला एका दिवसासाठी आपल्या माहेरी घेऊन गेली, किल्लारीच्या अंगाला तिच्या भावाचं गाव होतं तिथं. भावाला होणारी भाचेसून दाखवायची होती. त्या भल्या माणसानं ताईला चोळीचा खण दिला, शेतातल्या शेंगा दिल्या. महिनाभरात, गणपती बोळवून लोक नुकते झोपलेले असताना, ते गाव गेलं. दगडमातीच्या भिंतीखाली तिचा भाऊ गेला. ताई त्या माणसासाठी दोन दिवस जेवली नव्हती. आमच्याही घराच्या भिंतीला छपरापासून खालपर्यंत भेग पडली होती, पण ती कुणाच्या पायानं पडली हे आम्ही कुणाला विचारायला गेलो नाही.

मध्यस्थानं निरोप आणला तो भाकरी खाता खाता सांगितला. पांढऱ्या पायाची पोरगी माझ्या माहेरात शिरली आन् माझं माहेर जमिनीत गेलं, असं रुक्मिणबाई म्हणाली, सोयरीक मोडली. मोडली तर मोडली, दुसरी झाली असती. पण बाई गप बसेना. जिथं जिथं ताईची बोलणी सुरू व्हायची तिथं तिथं ती गोष्ट आमच्या आधी पोचलेली असायची. उदगीरचे लोक आले आणि ओसरीवरूनच गेले. निलंग्याच्या एकांनी तर सरळ विचारलं, ती भूकंपाची नवरी हीच का? मायनं लोकांत जाणं सोडलं. हळदीकुंकवाला ताईला कुणी बोलवेना, नव्या घराच्या वास्तूला तर नाहीच नाही.  ताई शिवणाचं मशीन चालवायची आणि मी तिच्या मागं बसून रुक्मिणबाईला शिव्या द्यायचे, मनातल्या मनात, ओळीनं, पाढे म्हटल्यासारख्या. मला तेव्हा दुसरा कुठलाच पाढा नीट येत नव्हता.

अशी तीनेक वर्षं गेल्यावर आण्णांनी एक स्थळ आणलं. बिजवर. दोन लेकरं. गाव माहूरच्याही पलीकडं, डोंगरात, सागाच्या जंगलात, जिथं एसटी जात नाही. माणूस चांगला होता म्हणे; मला त्याच्याविषयी काही म्हणायचं नाही. पण आण्णांनी ते गाव का निवडलं ते मायनं मला चुलीपाशी सांगितलं. तिथपर्यंत भूकंपाची ती गोष्ट पोचली नव्हती. म्हणजे एका बाईच्या जिभेपासून पळत पळत माझी बहीण जंगलात जाणार होती. ठरलं असं की नांदेडला आत्याकडं जायचं, तिथून जीप करायची, माहूरला रेणुकामातेचं दर्शन घ्यायचं, आणि तसंच पुढं त्या गावी जाऊन ताईला दाखवायचं. पसंत पडली तर तिथंच कुंकू लावून टाकायचं. ताईला विचारलं तर ती म्हणाली, तुम्ही म्हणाल तसं. मी त्या दिवशी ठरवलं की नांदेडात गेल्यावर मी रुक्मिणबाईचं घर शोधून काढीन. शोधून काय करणार ते ठरवलं नव्हतं. काच फोडावी एवढंच डोक्यात होतं.

अनुसयाआत्याचं घर चौफाळ्यावर होतं. अंगणात लिंब, दारात शेळी, आणि शेजारी जब्बारचाचांचं घर. आत्या आणि चाचांची बायको दोघी एकाच भिंतीच्या दोन बाजूंनी दिवसभर बोलायच्या, एकमेकींचं तोंड न बघता. जीप चाचांचीच होती. आम्ही पोचलो तर ती चार विटांवर उभी आणि चाचा तिच्या खाली. स्प्रिंगचा पाटा तुटला होता. आण्णा अस्वस्थ झाले तर चाचा खालूनच म्हणाले, 'घाट चढना है ना भाऊ? पाटा आने दो. जल्दी का काम शैतान का.' असं आमचं नांदेडात दोन दिवस थांबणं झालं. आत्यानं सकाळी सुशीला केली, मुरमुरे भिजवून, वर शेंगदाण्याचा कूट, आणि दुपारी चाचींकडून खिचडी-खट्टा आला. चिंच-तिळाचा तो खट्टा मी पहिल्यांदाच खाल्ला आणि बोटं चाटत ठरवलं की नांदेडची सगळीच माणसं काही वाईट नसतात. आजही मी तो करते, पण चाचींच्या हाताची चव आली नाही ती नाहीच.

ताईला आणि मला गाव बघायला सोडलं. ताईच्या दृष्टीनं ते शेवटचं शहर होतं, म्हणून आत्यानं तिला बांगड्या भरायला लावून दिलं होतं. आम्ही गोदावरीच्या घाटावर गेलो. पाणी उतरलेलं होतं आणि पायऱ्यांवर बायका धुणं आपटत होत्या. गुरुद्वाऱ्यात डोकं झाकून बसलो, तिथला गरम शिरा ओंजळीत घेतला, तुपानं हात माखले. ताई सगळं असं बघत होती, जसं काही पुन्हा बघायला मिळणार नाही. कापडाचं दुकान दिसलं की थांबायची, अत्तरवाल्यापाशी थांबायची, काही घ्यायची नाही. मी मात्र पाट्या वाचत होते. मला एवढंच माहीत होतं की त्यांचं भांड्यांचं दुकान आहे, इतवाऱ्यात. इतवाऱ्यात भांड्यांची दुकानं काय कमी असतात? एकेका दुकानात डोकावून मी मालकाचं तोंड बघत होते आणि लोकांना वाटत होतं पोरीला पातेलं घ्यायचंय.

शोधलं मी नाही, ताईनं. एका कोपऱ्यावर तिचे पाय एकदम थांबले. समोर पितळी हंड्यांची उतरंड, आणि गादीवर तो, रुक्मिणबाईचा मुलगा. साखरपुड्याला आला होता तेव्हापेक्षा पोट सुटलेलं. कुणाशी तरी हसत होता. त्यानं आमच्याकडं बघितलं, गिऱ्हाईक नाही असं ठरवलं आणि मान वळवली. ताईनं रस्त्याकडं पाठ केली. 'चल सुमे,' ती म्हणाली, 'पाय दुखायलेत.' जिच्या पायांवर एवढं रामायण झालं तिनं तेवढंच म्हणावं, याचा मला असा काही राग आला की डोळ्यांत पाणी आलं. तिला बांगड्यावालीपाशी बसवून मी परत गेले आणि शेजारच्या फुलवालीला विचारलं. घर मागच्याच बोळात होतं. बेलाचं झाड, निळं फाटक. मी लांबून बघून आले. हातात दगड घेण्याइतकी जवळ गेले नाही, कारण तोवर मला दगडापेक्षा चांगलं काही सुचायला लागलं होतं.

आमच्याकडं माहूरला निघायच्या आधी पाच घरी जोगवा मागायची रीत आहे. कवड्यांची माळ गळ्यात घालायची, कपाळभर मळवट भरायचा, हातात परडी, आणि दारात उभं राहून देवीच्या नावानं मागायचं. त्या घडीला मागणारी बाई कुणाची लेक, कुणाची सून नसते, देवीची असते. घरची बाई सुपात पीठमीठ आणते, परडीत ओतते आणि पाया पडते. त्या पाच घरच्या पिठाची पोळी माहूरला नैवेद्याला लागते. आत्याची पाच घरं नेहमीची, पण त्या वर्षी तिचे गुडघे धरले होते, आणि कुमारिकेनं मागितला तर आईला जास्त आवडतो असं म्हणून तिनं ते काम माझ्यावर टाकलं. तिनं मला शिकवून ठेवलं. चार घरं ओळखीची घ्यायची. पाचवं मागणारीनं एकटीनं जाऊन, मनाला येईल ते घ्यायचं. ते घर आई दाखवते. आणि एकदा पाचव्या दारात शब्द टाकला की ते घर बदलता येत न्हाई, तिथलं पीठ आल्याशिवाय डोंगर चढायचा न्हाई. मी मान डोलवत ऐकत होते. आत्याला वाटलं पोरगी किती भाविक.

मंगळवारी दुपार कलल्यावर आम्ही निघालो. आत्याचं नऊवारी मला नेसवलेलं, मळवटानं कपाळ जड झालेलं. चार घरं चौफाळ्यातच झाली. चौथ्या घराच्या ओट्यावर आत्या टेकली आणि म्हणाली, जा, आई नेईल तिकडं जा. आईनं नेलं की मी नेलं ते तुम्ही ठरवा. इतवारा काही शेजारी नव्हता. रस्त्यात लोक बाजूला होत होते, एका रिक्षावाल्यानं रिक्षा थांबवून हात जोडले. निळ्या फाटकापाशी आले तेव्हा माझं काळीज असं उडत होतं की कवड्या वाजत होत्या. मी फाटक उघडलं आणि सांगितल्याप्रमाणं सूर लावून म्हटलं, 'जोगवा वाढा माय, माहूरच्या आईचा जोगवा.'

'आले गं आई,' आतून आवाज आला. तोच आवाज. रुक्मिणबाई सूप घेऊन बाहेर आली. केस पिकले होते, बाकी तीच. मी तिच्यासाठी फ्रॉकातली पोर होते, तिनं मला ओळखायचा प्रश्नच नव्हता. तिच्या मागं तिची सून दाराला धरून उभी होती, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल, भरल्या पोटाची. तोंड सुकलेलं. रुक्मिणबाईनं सूप उंबऱ्यावर ठेवलं, पदर डोक्यावर ओढला आणि माझ्या पायांवर सरळ कपाळ टेकलं. 'आईला सांग,' ती तिथूनच म्हणाली, 'पोरीचं ह्या खेपेला तरी सुखरूप होऊ दे. दोनदा हातातलं गेलंय.' मी तिला उठ म्हटलं नाही. तिच्या तेल लावलेल्या केसांतला भांग मला वरून दिसत होता. मला वाटलं, आत्ता ताई इथं पाहिजे होती.

तिनं उठून सूप उचललं आणि मी परडी पाठीमागं नेली. मागणारीनं जोगवा नाकारलेला मी तरी कधी ऐकला नव्हता. तिनंही नसावा. तिचा हात तसाच राहिला.

'तुमच्या घरचा जोगवा आईला चालत न्हाई,' मी म्हटलं.

'असं नको म्हणू गं माय,' ती म्हणाली. 'काय चुकलं? कोण हायस तू?'

'लातूरच्या कमलची बहीण. ज्या घरच्या पायांनी तुमचं माहेर जमिनीत गेलं, त्याच घरचे पाय हायेत हे. आत्ता डोकं ठेवलंत की तुम्ही.'

 सुनेनं दार घट्ट धरलं. बोळातल्या दोन बायका कामं सोडून बघायला लागल्या होत्या आणि मला ते बरं वाटलं. मी म्हटलं, सकाळी आम्ही चौफाळ्यावरून माहूरला निघायलोत. तिथं या. चार माणसांत माझ्या ताईच्या पायांवर डोकं ठेवा आणि तोंडानं सांगा की हे पाय पांढरे न्हाईत. मग परडी पुढं करते. एवढं बोलून मी वळले. आवाज कापला नाही. आत्या टेकली होती तिथं परत आले आणि काय झालं ते तिला सांगितलं.

आत्यानं मला मारायचं तेवढं ठेवलं. देवीच्या परडीचा असा खेळ? आण्णांनी हात उगारला होता, तो जब्बारचाचांनी मध्ये पडून धरला. आत्या म्हणाली, सकाळी दुसऱ्या घरी जा आणि पाच पूर्ण कर. मी म्हटलं, तूच म्हणालीस की पाचवं घर बदलता येत न्हाई. रीत तिचीच होती. आता आमची सगळ्यांची मान अडकली. पीठ आल्याशिवाय माहूर नाही, माहूरशिवाय पुढचं गाव नाही, आणि तिकडं बिजवराच्या घरी आमची वाट बघणारे. आण्णा अंगणात येरझाऱ्या घालत होते. म्हणत होते, ती बाई येणार न्हाई, आणि ह्या कार्टीनं होतं नव्हतं तेबी घालवलं. मला भीती वाटत होती, नाही असं नाही. पण पश्चात्ताप? तो तेव्हा आला नाही, आणि आज गुडघ्याला तेल चोळत हे लिहिताना मी आत चाचपून बघते आहे, आजही सापडत नाही.

ताई मेथी निवडत बसली होती. एवढ्या गदारोळात तिनं एकच विचारलं, तिची सून दिसली का? दिसली म्हटलं. कशी हाय? मी सांगितलं, भरल्या पोटाची, आणि आधीची दोन गेलेली. ताईनं मेथीच्या काड्या गोळा केल्या आणि ती मोरीत गेली. आत्याची वजरी घेऊन पाय घासत बसली. एक टाच, मग दुसरी, मग बोटांच्या बेचक्या. मला तेव्हा वाटलं, सवय आहे तिची. कसली सवय! ती तयारी करत होती.

सकाळी जीपचा पाटा बसलेला होता. चाचा टपावर वळकट्या बांधत होते आणि म्हणत होते, धूप चढने के पैले हिमायतनगर के आगे निकल जाना. आण्णांनी ताईला जीपमध्ये मागं बसवलं होतं, निघायचंच म्हणून. आत्या उंबऱ्यावर बसून राहिली होती, निघायचं नाही म्हणून. मी परडी घेऊन लिंबाखाली उभी. गल्लीतल्या बायकांना काल संध्याकाळीच सगळं कळलेलं होतं, त्यामुळं त्या दिवशी चौफाळ्यावर सगळ्यांचीच अंगणं एकदम झाडायला निघाली होती. मी रस्त्याकडं बघत होते. आणि रिक्षा आली. आधी सून उतरली, हळूहळू, मग हातात झाकलेलं सूप घेऊन रुक्मिणबाई.

ती सरळ जीपच्या मागच्या बाजूला गेली. ताईचे पाय पायरीवर होते, धुतलेले, नखं कापलेली. रुक्मिणबाईनं सूप खाली ठेवलं, कुंकवाची पुडी सोडली आणि ताईच्या दोन्ही पायांना कुंकू लावलं. मग गल्लीला ऐकू जाईल असं बोलली. 'पोरी, तुझ्या पायांत काही न्हाई. हे पाय पांढरे न्हाईत. माझा भाऊ गेला तेव्हा माझं डोकं जाग्यावर नव्हतं, मी बोलले ते खोटं होतं.' आणि तिनं त्या पायांवर डोकं ठेवलं.

पाया पडणारं माणूस आशीर्वादासाठी थांबतं. कुणी पाया पडलं आणि आपण गप राहिलो असं आमच्याकडं होत नाही. वैऱ्यालाही 'सुखी राहा' म्हणायचं असतं, शब्द आपसूक तोंडातून पडतो. सगळे ताईच्या तोंडाकडं बघत होते. ताई लिंबाकडं बघत होती. रुक्मिणबाई वाकलेली तशीच होती. खराटे थांबले. आण्णा खाकरले. आत्या उंबऱ्यावरून म्हणाली, कमल, बोल की गं. जिनं कोंबडीला कधी 'हाड' म्हटलं नव्हतं ती माझी ताई बोलली नाही. तिनं पायही मागं घेतले नाहीत. म्हातारीला वाकून राहणं जमेना तेव्हा तिनं स्वतःच पायरीला धरून, कुणाचा शब्द न घेता, उठायला सुरुवात केली. उठताना तिनं ताईकडं बघितलं, आणि तिला कळलं. मीही बघत होते. ते तोंड मी आजसुद्धा कधीमधी आठवून बघते, जुना दागिना डबीतून काढून बघावा तसं.

मग सून पुढं झाली. तिला वाकताच येत नव्हतं. ताई चटकन जीपमधून उतरली, तिला दंडाला धरून सरळ केलं, तिच्या कपाळाला कुंकू लावलं. आमच्या शिदोरीतली खोबऱ्याची वाटी काढून तिच्या ओटीत घातली. 'सुखानं बाळंत हो,' ती म्हणाली, स्वच्छ आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं. 'लेकराला घेऊन माहूरला ये.' ती पोरगी रडायला लागली. रुक्मिणबाई तिच्या शेजारी उभी होती, हातभर अंतरावर, आणि तिच्या वाट्याला त्यातलं काहीच आलं नाही. मग ताई मला म्हणाली, 'सुमे, परडी दे.' मी परडी पुढं केली आणि रुक्मिणबाईनं त्यात पीठ ओतलं. आत्या लगबगीनं उठून जीपमध्ये बसली.

भोकर गेलं, हिमायतनगरला चहा-भजी झाली, आणि पुढं गावं विरळ होत गेली. दोन्ही बाजूंनी साग, पानं माणसाच्या पाठीएवढी, रस्ता असा की जीप कधी चालते आहे आणि कधी उडते आहे कळू नये. पळसाच्या बुडाशी बसलेली माणसं जीप गेली तरी मान वर करत नव्हती. मला ते जंगल बघून धडकी भरली. इथं ताई राहणार? ताई एकदम म्हणाली, 'आण्णा, दर्शन झालं की जीप माघारी वळवा. मला पुढं जायचं न्हाई.'

आण्णा म्हणाले, त्या लोकांना शब्द दिलाय.

'मलाबी कुणीतरी दिला होता,' ताई म्हणाली. 'शब्द मोडला म्हणून जमीन हलत न्हाई, आण्णा. आपण बघितलंय.'

आण्णांनी मागं वळून बघितलं नाही. पण पुढं किती तरी वेळानं त्यांनी चाचांना विचारलं की माहूरहून आजच्या आज परत फिरलं तर डिझेल पुरेल का. चाचा म्हणाले, पुरेगा भाऊ, पुरेगा. बिजवराला नंतर आण्णांनी स्वतः जाऊन सांगितलं, आणि त्याला पुढं त्याच भागातली बायको मिळाली. ताई दोन वर्षांनी उदगीरला दिली. चौफाळ्यावरची ती सकाळ रुक्मिणबाईच्या जुन्या गोष्टीपेक्षा जलद फिरली होती, आणि ओसरीवरून परत गेलेल्या त्याच घरानं स्वतः निरोप धाडला. मी म्हणत होते नको म्हणून सांग. ताई हो म्हणाली. पण हुंड्याचं नाव काढलं तर उठून जाईन, हे आधी सांगून.

माहूरला आम्ही पाच घरच्या पिठाच्या पोळ्या केल्या, नैवेद्य दाखवला. तिथं प्रसादाला विडा असतो, पान, सुपारी, कात सगळं कुटून केलेला, मऊ, गोड. पुजाऱ्यानं तो आमच्या हातावर ठेवला आणि आम्ही पायऱ्यांवर येऊन बसलो. खाली दरीत ऊन होतं. ताईच्या पायांवरचं कुंकू घामानं ओघळून बोटांत गेलं होतं, पाय लालभडक झाले होते. ती ते बघत होती. मी तिला विचारलं, तू सकाळी आशीर्वाद का दिला न्हाईस असं सगळे विचारत होते, मी विचारत न्हाई; पण शब्द तोंडात आलाच नव्हता का?

'आला होता की,' ताई म्हणाली. 'जिभेवर आला होता. गिळला.'

'कसा लागला?'

तिनं तोंडातला विडा एका गालातून दुसऱ्या गालात नेला आणि बराच वेळ चघळला.

'गोड,' ती म्हणाली. 'लई गोड.'